टेबलावर गरम भांड्याचा डाग पडला, आता काय करायचं?

गणपतीत मोदकपात्र गॅसवरून उतरतं ते थेट जेवणाच्या टेबलावर. खाली दुमडलेलं वर्तमानपत्र असतं, तेवढ्यानं काम भागेल असं सगळ्यांनाच वाटतं. भांडं उचललं की खाली पांढरं कडं. मग घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सुचवू लागतो. टूथपेस्ट लाव, राख आणि खोबरेल लाव, वरून इस्त्री फिरव. हल्ली यात मेयॉनीजचीही भर पडली आहे.

गंमत म्हणजे यातले बरेचसे उपाय कुठे ना कुठे लागू पडलेले असतात. पण ज्या इस्त्रीनं शेजारच्यांच्या टेबलावरचा डाग पाच मिनिटांत गेला, तीच तुमच्या टेबलाचं पॉलिश कापडाला चिकटवून उचलून आणू शकते. डाग कोणत्या थरात बसलाय आणि लाकडावर पॉलिश कोणतं आहे, यावर सगळं ठरतं. या दोन गोष्टी कळल्याशिवाय टेबलाला हात लावू नका. आमच्याकडचं जुनं सागवानी टेबल आणि नंतर नात्यातल्या बऱ्याच जणांच्या टेबलांवर, टीपॉयांवर काम करताना, शिवाय पॉलिशवाल्या काकांच्या बाजूला बसून बघताना जे समजलं, ते इथे क्रमानं लिहितो.

१. आधी डागाचा रंग बघा

खिडकीतला उजेड तिरपा पडेल असं उभं राहा आणि डाग नीट बघा.

पांढरा, धुरकट डाग असेल तर निश्चिंत व्हा. लाकडाला काहीच झालेलं नाही. गरम भांड्याखाली पॉलिशचा थर मऊ होतो आणि भांड्याची, ओल्या कपड्याची किंवा पेपरातली वाफ त्यात शिरते. थर थंड होताना ओलावा आतच अडकतो आणि थरात सूक्ष्म पोकळ्या राहतात. उजेड त्यांवर विखुरतो म्हणून तिथे पांढरं दिसतं. घरातले बहुतेक डाग याच जातीचे असतात आणि ते घरी निघतात. खात्री करायची असेल तर बोटावर तेलाचा एक थेंब घेऊन डागाच्या कडेला चोळा. तेवढ्यानं डाग फिका झाला तर तो अगदी वरच आहे.

पिवळसर किंवा तपकिरी डाग म्हणजे पॉलिशच करपलंय. इथे ओलावा काढण्याचा प्रश्नच येत नाही. करपलेला थर घासून काढावा लागतो आणि नवा भरावा लागतो.

काळा डाग दोन प्रकारचा असतो. एक खरोखर जळालेला. त्याच्यावरून नख फिरवलं तर खळगा लागतो, कधी नखाला कोळसाही येतो. दुसरा दिसायला जळक्यासारखा, पण सपाट. लोखंडी तवा, कढई किंवा गंज लागलेलं स्टँड ओलसर टेबलावर राहिलं की लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (लाकडात मुळातच असणारं तुरट द्रव्य) यांची प्रक्रिया होऊन शाईसारखं काळं कडं उमटतं. बाभळीसारख्या टॅनिन जास्त असलेल्या लाकडावर ते फार लवकर येतं. या डागाचा उष्णतेशी संबंध असलाच तर एवढाच, की गरम तव्यानं पॉलिश फोडलं आणि ओलाव्याला आत जायला वाट मिळाली.

आणि एक प्रकार आपल्याकडे हमखास दिसतो, तो म्हणजे चिकटलेला कागद. पॉलिश मऊ झालं, पेपर त्यात रुतला आणि आता टेबलावर कालच्या बातमीचं उलटं शीर्षक वाचता येतं. हा कागद कोरडा खरवडू नका. त्याच्यावर खोबरेल किंवा कुठलंही खाद्यतेल ओता आणि तासभर तसंच राहू द्या. कागद पारदर्शक दिसू लागला की बोटाच्या पेराने गोल गोल चोळा. त्याच्या लहान लहान वळ्या होऊन निघतात. उरलेले तंतू परत तेल लावून काढा. शाई थोडी राहिलीच तर ती पॉलिशच्या थरात असते, पुढच्या पायऱ्यांमध्ये जाते.

२. पॉलिश कोणतं आहे ते शोधा

ही पायरी सगळे गाळतात आणि बहुतेक टेबलं इथेच बिघडतात.

जुन्या सागवानी, शिसवी फर्निचरवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. चपडा, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं चढवलेलं, म्हणजे ज्याला फ्रेंच पॉलिश किंवा नुसतं स्पिरिट पॉलिश म्हणतात ते. लाख सुमारे ७५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, त्याच्या आधीच मऊ पडते. उकळत्या आमटीचं पातेलं १०० अंशांचं, नुकत्याच उतरवलेल्या कढईतलं तेल १८० च्या पुढे. त्यामुळे लाखेच्या पॉलिशवर डाग पडतो याचं आश्चर्य वाटायला नको. गेल्या काही दशकांतल्या फर्निचरवर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं कृत्रिम रेझिनचं पॉलिश सापडतं. ते जास्त उष्णता सोसतं, पण डाग पडलाच तर काढायला चिवट. यांच्या मधलं एक एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, थिनरमध्ये विरघळणारं.

तपासणी अशी करायची. टेबलाच्या पायाची आतली बाजू निवडा. टेबलाखालचा भाग शक्यतो नको, कारण तिथे पुष्कळदा पॉलिश मारलेलंच नसतं. जागा आधी ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा.

- इअरबडवर डिनेचर्ड स्पिरिट (पॉलिशसाठी मिळणारं, पिण्यालायक नसलेलं अल्कोहोल) घेऊन एका ठिकाणी अर्धा मिनिट टेकवा, मग हलकेच फिरवा. जागा चिकट झाली आणि कापसाला तपकिरी रंग आला, तर लाखेचं पॉलिश.
- स्पिरिटनं काहीच झालं नाही, तर बाजूच्या जागी एनसी थिनरनं तेच करा. आता चिकट झालं तर लॅकर.
- दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू समजा.
- याशिवाय पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब पटकन मुरला आणि लाकूड गडद झालं, तर वर थरच नाही. नुसतं तेल किंवा मेण चोळलेलं लाकूड आहे.

आणि वरचा भाग मुळात लाकूडच नसला तर? कडेला बघा. रेषांची नक्षी कडेपाशी एकदम तुटते आणि एक पातळ काळपट रेघ दिसते, तर ती सनमायका आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहिलंय, हे सगळे उपाय तिच्यावर करू नका. रेषा खऱ्या लाकडाच्या आहेत पण कडेला पातळ पापुद्रा आणि खाली प्लाय दिसतो, तर ते विनियर. विनियरवर सगळं चालतं, फक्त हात जपून. तो पापुद्रा बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, घासता घासता खालचा प्लाय कधी वर आला ते कळतही नाही.

३. सामान

सगळं एकदम आणू नका. पॉलिश कोणतं ते कळलं की त्यातलं अर्धं लागतच नाही.

घरात सापडेल असं: हेअर ड्रायर, बिनवाफेची साधी इस्त्री, जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा मलमलचा तुकडा (पांढरा, छापील नको), पेट्रोलियम जेली, इअरबड.

हार्डवेअर किंवा रंगाच्या दुकानातून: डिनेचर्ड स्पिरिट, मिनरल टर्पेंटाइन, वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) १००० आणि १५०० नंबरचा, लाखेचं पॉलिश असेल तर थोडा चपडा, आणि फर्निचरचं मेण. मेलामाइन किंवा पीयू असेल तर गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून बारीक रबिंग कंपाउंडची (रंगाचा वरचा थर घासून चकाकी आणणाऱ्या पेस्टची) लहान डबी. हातमोजे घ्याच.

स्पिरिटच्या जागी घरातला हँड सॅनिटायझर चालेल का, असं बरेच जण विचारतात. अजिबात नाही. त्यात पाणी असतं, बहुतेकांत ग्लिसरीनही. लाखेच्या पॉलिशवर सॅनिटायझर सांडला तर त्यानंच पांढरा डाग पडतो. नेलपॉलिश रिमूव्हर, परफ्यूम यांचंही तेच.

डिनेचर्ड स्पिरिट विषारी आहे आणि भसकन पेट घेतं. स्वयंपाकघरात गॅस चालू असताना, देवापुढे निरांजन तेवत असताना ते उघडू नका. खिडक्या उघड्या ठेवा. आणि ड्रायर व स्पिरिट एकाच वेळी कधीही वापरू नका.

४. टेबल पुसा आणि एक दोन दिवस काहीच करू नका

ताजा डाग असेल तर हाच पहिला उपाय. टेबलक्लॉथ, काच, प्लास्टिक सगळं काढा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि पंखा लावून ठेवा. ओलावा अजून पक्का बसलेला नसला तर डाग आपसूक फिका होतो, कधी पूर्ण जातो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हवाच एवढी दमट असते की हे व्हायला वेळ लागतो. तेव्हा आठवडाभर थांबायलाही हरकत नाही.

डाग तसाच राहिला तर टेबल स्वच्छ करा. तेलाचे हात, आमटीचे शिंतोडे, आजवर मारलेले चकाकीचे स्प्रे, यांचा चिकट थर टेबलावर असतोच. फडकं टर्पेंटाइनमध्ये ओलं करून पुसा. त्यानं वाळलेल्या पॉलिशला धक्का लागत नाही. काच पुसायचा स्प्रे इथे वापरू नका. पुष्कळ स्प्रेंमध्ये अमोनिया असतो आणि लाख अल्कलीत विरघळते. खायचा सोडा, धुण्याचा सोडा लाखेच्या टेबलापासून लांब ठेवावा तोही याच कारणानं.

५. तेल किंवा पेट्रोलियम जेली

सगळ्यात सौम्य उपाय, म्हणून आधी हाच. डागावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या, रात्रभर ठेवा, सकाळी पुसून घ्या. जेली त्या सूक्ष्म पोकळ्यांत शिरते आणि डाग दिसेनासा होतो. मेयॉनीजचा महिमा एवढाच आहे, त्यातलं तेल. बाकी अंडं आणि व्हिनेगर टेबलाच्या काही कामाचं नाही. घरात मुंग्या असतील तर वेगळं सांगायला नको.

खोबरेल, शेंगदाणा तेल चालतं, पण ही तेलं वाळत नाहीत. जास्त चोपडलीत तर टेबलावर धूळ बसेल, पुढे पॉलिश करायचं ठरलं तर ते नीट धरणारही नाही. जवसाचं तेल वाळतं. मात्र ते वापरलेलं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ते वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. गॅलरीत दोरीवर एकेरी पसरून वाळवा, मगच टाका.

६. ऊब

ड्रायर मध्यम उष्णतेवर ठेवून टेबलापासून वीतभर अंतरावर धरा आणि सतत फिरवत राहा. एका जागी थांबायचं नाही. किती तापवायचं याचं माप तुमचा तळहात. डागावर तळहात निवांत टेकवता आला पाहिजे. चटका बसून हात मागे आला म्हणजे लाख मऊ व्हायच्या बेतात आहे, थांबा. आठ दहा मिनिटांत डागाच्या कडेकडून रंग परतू लागलेला दिसतो. मधला भाग सगळ्यात शेवटी. तापवून झालं की लगेच पुसू नका, मऊ पॉलिशवर फडक्याचे ओरखडे उमटतात. पूर्ण गार होऊ द्या.

इस्त्रीचा उपाय मेलामाइन आणि पीयूवर चांगला चालतो. लाखेवर मी तो सुचवत नाही. सुती फडक्याची वीण पॉलिशमध्ये छापली जाते आणि मग पांढऱ्या कड्याच्या जागी तुमच्याकडे धोतराची नक्षी असते. करायचाच असेल तर असा: इस्त्रीतलं पाणी काढून टाका, आकडा सर्वांत खालचा. डागावर कोरडं, जाड सुती फडकं चौपदरी घाला. इस्त्री पाच सेकंद फिरवा, उचला, फडकं उचला, बघा. परत पाच सेकंद. फडकं उचलताना जरा जरी चिकटल्यासारखं वाटलं तर इस्त्री बंद. विनियरवर आणखी सांभाळून, कारण खालचा गोंद उष्णतेनं सुटतो आणि फुगा येतो. फुगा आलाच तर गरम असतानाच त्याच्यावर सपाट पाट ठेवून वर वजन द्या आणि गार होईपर्यंत हलवू नका. बरेचदा परत बसतो.

७. स्पिरिटचा हात (फक्त लाखेच्या पॉलिशवर)

इथपर्यंत डाग गेला नसेल आणि पॉलिश लाखेचं असेल, तर खरा उपाय हा. पॉलिशवाले हेच करतात. स्पिरिट लाखेचा वरचा थर क्षणभर विरघळवतं, अडकलेला ओलावा निसटतो आणि थर परत जुळतो. पण हात जड पडला तर पॉलिश पुसून निघतं. म्हणून आधी टेबलाच्या कमी दिसणाऱ्या कोपऱ्यावर सराव करा.

आधी लावलेलं तेल, जेली टर्पेंटाइननं पूर्ण पुसा आणि टर्पेंटाइन उडून जाऊ द्या. मलमलच्या तुकड्यात कापूस घेऊन लिंबाएवढा बोळा बांधा, खालची बाजू गुळगुळीत, एकही सुरकुती नको. बोळ्यावर चार पाच थेंब स्पिरिट टाका, पिळा आणि मनगटावर टेकवून बघा. गार लागलं पाहिजे, पण कातडीवर ओल दिसता कामा नये. ओल दिसली तर बोळा कागदावर दाबून कोरडा करा.

आता बोळा हवेतच हलवत आणायचा, चालता चालताच डागावर टेकवायचा आणि न थांबता पलीकडे उचलायचा. रेषांच्या दिशेनं. टेकवून मग ढकलायला गेलात तर टेकवलेल्या जागी खूण पडते. एक हात झाला की तीस चाळीस सेकंद थांबा. पॉलिश चकाकतं, मग स्पिरिट उडून मंद होतं. मंद झाल्यावरच दुसरा हात. जुन्या, पिवळटलेल्या लाखेवर पांढरं कडं हळूहळू विरताना स्पष्ट दिसतं. कडेची रेघ तुटते, मग तिचे तुकडे होतात. घाई केलीत तर बोळा अडखळू लागेल. अडखळला की त्या दिवसापुरतं काम बंद आणि पुढचा हात उद्या.

दमट दिवशी हे करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतला ओलावा त्याच्यावर बसतो आणि टेबल आणखी पांढरं पडतं. पॉलिशवाले भर पावसात लाखेचं काम घ्यायला कुरकुरतात ते याचसाठी. तसं झालंच तर घाबरू नका, कोरड्या दिवसाची वाट बघून परत एक हलका हात फिरवा.

८. घासून काढणं

मेलामाइन, पीयू, लॅकर यांच्यावर उष्णतेनं न गेलेला पांढरा डाग आणि कुठल्याही पॉलिशवरचा हलका पिवळा डाग यांच्यासाठी. पॉलिशचा वरचा केसभर थर घासून टाकायचा, एवढंच.

टूथपेस्ट इथे बसते. तिच्यात बारीक घासणारी पूड असते. पण ती प्रत्येक ट्यूबमध्ये वेगळी, म्हणून मला गाडीचं रबिंग कंपाउंड बरं वाटतं. फडक्यावर मटाराएवढं घ्या, रेषांच्या दिशेनं चोळा, दर मिनिटाला पुसून बघा. चूल असलेल्या घरची राख वापरायची तर ती आधी वस्त्रगाळ करा आणि तेलात कालवा. पाण्यात कालवू नका, राखही अल्कधर्मी असते. रांगोळी, मीठ, भांड्यांची तारेची घासणी नको. तारेच्या घासणीचे लोखंडी कण लाकडात राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात टेबलावर काळे ठिपके उगवतात.

चिवट डागावर १५०० नंबरचा वॉटर पेपर. पीयूवर साबणाच्या पाण्यात, लाखेवर तेलात भिजवून. लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा पडतात. फडक्यावर रंग यायला लागला की थांबलंच पाहिजे. लाकडावर पॉलिशच्या खाली रंगाचा थर असतो, जुन्या कामात गेरू, पिवळी माती, खडूची भुकटी घालून रेषा भरलेल्या असतात. तो थर गेला की तिथे फिकट चट्टा पडतो आणि तो चट्टा डागापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

घासल्यावर चमक बदलते. चकचकीत टेबल तिथे मंद होतं आणि मंद टेबल तिथे चमकतं. त्यावर उपाय म्हणजे शेवटी संपूर्ण वरच्या भागावर कंपाउंडचा एक हलका हात, मग मेण.

९. करपलेला आणि काळा डाग

वरवर जळालेला भाग ब्लेड उभं धरून हलके खरवडा. कोळसा निघाला, स्वच्छ लाकूड दिसलं की पुरे. खळगा उथळ असेल तर लाखेचे थर देऊन भरता येतो. त्यासाठी अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साठ सत्तर ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, मधूनमधून हलवा आणि मलमलमधून गाळा. लोखंडी डब्यात ठेवू नका, लाख काळी पडते. बारीक ब्रशनं एक थर द्या, वाळू द्या, दुसरा द्या. खळगा कडेपेक्षा किंचित वर आला की दोन दिवसांनी वॉटर पेपरनं सपाट करा. भिजवून सहा महिने उलटलेली लाख वापरू नका, ती चिकट राहते, वाळतच नाही. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून बघा.

लोखंडाच्या काळ्या कड्यावर ऑक्झॅलिक ॲसिड लागू पडतं, जळक्या डागावर नाही. उपाय खात्रीचा आहे, पण घरी करावा का याबद्दल माझं मत नकारार्थी आहे. ॲसिड लाकडापर्यंत पोचायला आधी पॉलिश काढावं लागतं. शिवाय ते कड्यासोबत आजूबाजूचं लाकूडही उजळतं, म्हणून पूर्ण फळीवर लावावं लागतं. म्हणजे एका कड्यापायी अख्खं टेबल नव्यानं पॉलिश करायचं. ते तसंही करणारच असाल तर करा: एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास, प्लास्टिकच्या भांड्यात. हातमोजे, चष्मा आणि मास्क लावून, मुलं आणि मांजरं घराबाहेर. वाळल्यावर वर जे स्फटिक दिसतात ते झाडू नका, घासू नका, त्यांची धूळ नाकात जाणं वाईट. भरपूर पाण्यानं दोन तीन वेळा धुवा आणि लाकूड पूर्ण वाळू द्या.

१०. सनमायका असेल तर

सनमायकाला पॉलिश नसतं, त्यामुळे तेल, स्पिरिट, लाख यांतलं काहीच डाग घालवत नाही. कढईनं वरचा थर करपला तर तो तसाच राहतो. घासलंत तर नक्षीचा कागद निघतो. फुगा आला असेल आणि तो कडेजवळ असेल तर चौपदरी फडक्यावरून कोमट इस्त्री, मग वजन, एवढं करून बघता येतं. नाहीतर तो भाग बदलायला सुताराला सांगा. परदेशात राहणाऱ्यांच्या घरी स्वस्त टेबलांवर सनमायकाऐवजी छापील कागद किंवा प्लास्टिकचा पापुद्रा दिसतो. त्याचंही हेच, तिथे इस्त्रीसुद्धा नको.

११. पॉलिशवाल्याला कधी बोलवायचं

डाग हाताच्या पंजाहून मोठा असेल, पॉलिशला सुरकुत्या किंवा पापुद्रे सुटले असतील, किंवा टेबल आजोबांच्या वेळचं असेल आणि पुन्हा तसं मिळणार नसेल, तर स्वतः प्रयोग करू नका. बोलवताना काही गोष्टी आधीच स्पष्ट करा. तुम्ही आजवर काय काय चोळलंय ते त्यांना खरं सांगा. मेणावर, तेलावर आणि विशेषतः सिलिकॉन असलेल्या चकाकीच्या स्प्रेवर नवं पॉलिश धरत नाही, त्याला खड्डे पडतात. लाखेचं जुनं टेबल पूर्ण मेलामाइन करून देतो म्हणाले, तर हो म्हणण्याआधी विचार करा. उष्णतेला ते चांगलं, पण पुढच्या वेळी स्पिरिटच्या एका हातात डाग घालवायची सोय जाते. दर चौरस फुटाचा ठरवा, आणि ‘फक्त डागापुरतं’ काम शक्यतो नको. पूर्ण वरचा भाग एकदम केला तरच रंग जुळतो. पीयूचा स्प्रे घरात मारणार असतील तर त्यातल्या वाफा श्वासाला वाईट असतात. मुलांना आणि दम्याच्या माणसांना दोन दिवस दुसरीकडे पाठवा. पाऊस संपल्यावर लगेच गाठा. दिवाळी जवळ आली की ते कुणालाच सापडत नाहीत.

१२. काम झाल्यावर

पॉलिशला हात लागलेला असेल तर पहिले पंधरा दिवस टेबलावर प्लास्टिक, रेक्झिन किंवा काच घालू नका. प्लास्टिक मऊ ठेवायला त्यात जी द्रव्यं घालतात ती पॉलिशमध्ये झिरपतात आणि रेक्झिन टेबलाला चिकटून बसतं. नंतर काच घालायचीच असेल तर कोपऱ्यांना पारदर्शक बुटके टेकू लावा, म्हणजे खाली हवा खेळेल. गरम भांड्याखाली घडी घातलेला पेपर किंवा टॉवेल ठेवणं बंद करा, दोन्ही ओलावा धरतात. पाय असलेली अडणी किंवा तारेचं स्टँड घ्या, भांडं आणि टेबल यांच्यात बोटभर पोकळी राहिली की पुरे. टेबलावर कपड्यांना इस्त्री करायची सवय असेल तर खाली घोंगडी घातली तरी वाफेची इस्त्री नको. वाफ घोंगडीतूनही खाली उतरते.

मेणाचा हात वर्षातून दोनदा, पातळ. मेणानं उष्णता अडत नाही, पण सांडलेलं पाणी पटकन आत जात नाही आणि तुम्हाला फडकं शोधायला वेळ मिळतो.